तुर्कस्तानात राहून परत आलेलं कोणी आहे का इथे?

घाटावरची (धागाकर्ती) :

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

२०१७ ते २०२३ मी इझमीरला होते. पवनचक्कीची पाती बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम. मूळची साताऱ्याची, त्यामुळे पवनचक्की घरचीच. शाळेची सहल वनकुसवड्याच्या पठारावर जायची. आता पुन्हा साताऱ्यात आईजवळ असते, नोकरीसाठी पुण्याला ये-जा.

आल्यापासून लोक मला दोनच गोष्टी विचारतात. कापादोक्या या पर्यटनस्थळी उडतात ते माणसं नेणारे हवाई फुगे पाहिलेस का, आणि तिथले पुरुष तुर्की मालिकांत दिसतात तसे खरंच असतात का. मी कापादोक्याला गेलेच नाही असं सांगितलं की विषय संपतो. गंमत म्हणजे तिकडेही तेच. कनाल ७ या वाहिनीवर आपल्या हिंदी मालिका तुर्कीत डब होऊन लागतात आणि माझ्या समोरच्या दारातली तेयझे (म्हणजे मावशी, तिकडे कुठल्याही वयस्क बाईला असंच हाक मारतात) त्यांची पक्की प्रेक्षक. तुमच्याकडच्या सासवा स्वयंपाकघरातसुद्धा एवढे दागिने घालून का वावरतात, हा तिने मला विचारलेला पहिला प्रश्न.

तर विचारायचंय ते असं. टूरवर जाऊन आलेलं नव्हे, तिथे घर करून राहिलेलं आणि मग परतलेलं कोणी इथे आहे का? तुमच्यात काय बदललं, आणि घरच्यांना ते झेपलं का?

आधी माझं सांगते.

आम्ही कार्शियाका भागात राहायचो, बोस्तानलीला. तेयझेचं घराणं मूळचं क्रीट बेटावरचं. १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानाने माणसांची अदलाबदल केली, तेव्हा तिचे आजी-आजोबा बोटीने इकडे आले. त्यामुळे तिच्या घरात मांसापेक्षा पालाच जास्त शिजायचा. बुधवारच्या बाजारातून पिशवी भरून रानभाज्या आणायची, नुसत्या उकडायची, वर ऑलिव्हचं तेल आणि लिंबू. मी शाकाहारी आहे कळल्यावर पहिल्याच आठवड्यात तिची बशी माझ्या दारात आली. शेजारचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही ही रीत दोन्हीकडची, तेव्हा मी पोहे भरून पाठवले. तिने ते गार होऊ दिले आणि दही कालवून खाल्ले, हे पुढे कधीतरी कळलं.

महिन्यातून एकदा बायकांचा ‘ग्युन’ असायचा. आपली भिशीच, फक्त पैशांऐवजी सोनं. ज्या बाईकडे ग्युन, तिला बाकी प्रत्येकीने एक चेयरेक द्यायचं, म्हणजे पावणेदोन ग्रॅमचं सोन्याचं नाणं. मला आधी ती श्रीमंती हौस वाटली. मग लिरा घसरायला लागला. मी गेले तेव्हा एका लिराला साधारण १८ रुपये पडायचे, निघाले तेव्हा तीनाच्याही आत. २०२२ च्या ऑक्टोबरात तर सरकारी आकड्यानेच वर्षाची महागाई ८५ टक्क्यांवर होती. अशा ठिकाणी नोटांची भिशी लावणार कोण? चेयरेक परवडेनासं झालं तेव्हा आमच्या गटाने एका ग्रॅमवर आणलं, पण ग्युन एकदाही चुकवला नाही.

आणि मग ३० ऑक्टोबर २०२०. शुक्रवार, दुपारी २ वाजून ५१ मिनिटं. भूकंप. केंद्र समुद्रात, सामोस बेटाजवळ. मी कारखान्यात होते, शंभर फुटांहून लांब पातं साच्यात डुलताना पाहिलंय. आमच्या इमारतीला भेगांवर निभावलं, खाडीच्या टोकाला बायराक्लीत मात्र मजल्यावर मजले बसले. ११७ माणसं गेली. तीन वर्षांची एक मुलगी ९१ तासांनी जिवंत निघाली.

त्या रात्री आमच्या गल्लीत कोणी घरात झोपलं नाही. तेयझेने खुर्च्या, चहाची किटली आणि मला खाली बागेत आणलं, याच क्रमाने. तिथे बसल्या बसल्या बायकांनी मोजणी केली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना इन्सुलिन लागतं, ते फ्रिजमध्ये राहिलंय. मागच्या जिन्यातली मुलगी आज रात्रपाळीला, तिची मांजर आत आहे, किल्ली अमकीकडे. कागद नव्हता, यादी नव्हती, सगळं तोंडपाठ. कित्येक वर्षांच्या बश्या आणि ग्युन यांतून ती माहिती गोळा झाली होती. तोवर मला त्या चौकश्यांचा वैताग यायचा. कुठे चाललीस, पगार किती, रात्री उशीर का झाला!

परत आल्यावर माझ्या खाण्यापिण्यात विशेष फरक नाही. पण साताऱ्याच्या घरात मी पहिलं काम काय केलं, तर सगळी कपाटं लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला बांधली. आईच्या उशाशी वर माळ्यावर ट्रंका होत्या त्या उतरवल्या. प्रत्येक पलंगाखाली बूट, बॅटरी आणि शिट्टी. भाऊ हसला, वहिनीने कपाळाला हात लावला. आई हसली नाही. ती पाटणची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा शाळकरी होती. आमच्या घरात त्या पहाटेचं नावसुद्धा कधी निघालं नव्हतं. मी भिंतीला भोकं पाडत होते आणि ती स्टुलावर बसून सांगत होती: कोणाची भिंत कशी आली, गाईला कोणी सोडलं, आजोबा कुठे उभे होते. हे ऐकायला मला इझमीरला जाऊन यावं लागलं.

शेजाराचं मात्र जमत नाहीये. आमच्या कॉलनीचा व्हॉट्सॲप गट आहे, त्यावर रोज सकाळी फुलं येतात. पण खालच्या एकट्या काकांची दुसरी किल्ली कोणाकडे आहे हे कोणाला माहीत नाही. मी विचारायला निघाले तर ‘हिला कशाला हव्यात चौकश्या?’ असं झालं.

तुमचं काय?

---

चहाबाज :

वा! पहिलाच धागा आणि असा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. ती चहाची किटली नीट समजावून सांगा, बाकी भूकंपबिकंप नंतर. (हलकेच घ्या.)

---

घाटावरची :

चहाबाज, दुमजली असते. खालच्या मोठ्या भांड्यात नुसतं पाणी उकळत ठेवायचं, वरच्या लहान भांड्यात चहाची पूड आणि थोडं उकळतं पाणी. खालच्या वाफेवर वरचा चहा पंधरा-वीस मिनिटं मुरतो. मग कमरेत बारीक अशा काचेच्या पेल्यात थोडा वरचा अर्क, उरलेलं खालचं पाणी. ज्याला जसा कडक हवा तसा. दूध नाही, साखर आपापली. पूड काळ्या समुद्राकाठच्या रिझेची. पेला रिकामा दिसला की भरलाच म्हणून समजा. पुरे झालं असेल तर चमचा पेल्यावर आडवा ठेवायचा. आमच्या आईला ही खूण फार आवडलीये. आलेल्या पाहुण्यांना ती माहीत नसते ही अडचण.

---

अंगोऱ्याचा बोका :

छान लिहिलंय, पण थोडं पाणी ओततो. मी अंकाराला होतो, विद्यापीठात संशोधनासाठी. तुमचा अनुभव इझमीरचा आहे, त्यातही बोस्तानलीसारख्या खात्यापित्या वस्तीतला. तो सगळ्या तुर्कस्तानाचा म्हणून कोणी घेऊ नये.

माझ्या इमारतीत मला कोणी बशी आणून दिली नाही. परदेशी म्हटल्यावर फोनवरच घर नाकारणारे मालक भेटले. सावळा रंग आणि दाढी पाहून मेट्रोच्या दाराशी ओळखपत्र मागायचे. हिंदुस्तानी म्हटलं की हसून सोडायचे, शेजारी उभ्या असलेल्या अफगाण पोराला सोडायचे नाहीत. सीरियन निर्वासितांबद्दल सुशिक्षित माणसं चहाच्या टेबलावर जे बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. हिवाळा करडा, सुट्टीत शहर ओस. तिथून मी फारसा बदलून आलो असं मला वाटत नाही, आणि ‘परदेशाने मला घडवलं’ छापाच्या लेखनाचा कंटाळाही आहे. (हे तुम्हाला उद्देशून नाही.)

एक गोष्ट मात्र अडकून बसलीये. आधुनिक तुर्कस्तानाचे संस्थापक अतातुर्क गेले १९३८ साली, १० नोव्हेंबरला, सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी. दरवर्षी त्या मिनिटाला देशभर भोंगे वाजतात आणि चालता रस्ता थांबतो. मी टॅक्सीत होतो. चालक निघाल्यापासून सरकारला, विरोधकांना, पेट्रोलच्या भावाला आणि मला शिव्या देत होता. भोंगा झाला तसा त्याने मधल्या लेनमध्ये गाडी उभी केली, उतरला, सिगरेट टाकली, हात सरळ करून उभा राहिला. आजूबाजूला शेकडो लोक तसेच. मग आत बसला आणि शिवी जिथे तोडली होती तिथून पुढे सुरू.

इथे परतल्यावर जयंत्यांच्या मिरवणुकीत खिडक्यांच्या काचा थरथरतात तेव्हा मला तो टॅक्सीवाला आठवतो. तिकडचं सगळं गोड आहे असं नाही हं. अतातुर्कांच्या स्मृतीचा अपमान हा १९५१ च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा त्या शांततेत धाक किती आणि माया किती हे मला सांगता येणार नाही. पण त्या टॅक्सीवाल्यावर कोणाचीही नजर नव्हती.

---

घाटावरची :

बोकेराव, मान्य. मी बाई, गोरीगोमटी नसले तरी नोकरीवाली, आणि समोर ती तेयझे. त्यातलं एक जरी वेगळं असतं तर धागा वेगळा झाला असता. सीरियन लोकांबद्दल इझमीरलाही तेच ऐकलंय, आमच्या ग्युनमध्येसुद्धा. एकदा मी म्हटलं की मीपण परकीच आहे, तर उत्तर आलं, ‘तू वेगळी.’ ते ऐकून बरं वाटलं नाही.

---

बर्लिनकर :

मी तुर्कस्तानात कधी राहिलो नाही, तरी प्रतिसाद देतोय, कारण तुर्की शेजारात बरीच वर्षं काढली: बर्लिन, क्रॉयझबर्ग. ३० ऑक्टोबर १९६१ ला पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानाशी मजूर आणण्याचा करार केला. दोन वर्षं कामावर ठेवायचं आणि परत धाडायचं असा बेत होता. माणसं राहिली. आमच्या कालव्याकाठी मंगळवार-शुक्रवार त्यांचा बाजार भरतो. कोथिंबीर, भेंडी, वांगी मला तिथेच मिळायची. भाजीवाल्याकडे जर्मन बोललो तर एक भाव, मोडकं तुर्की बोललो तर मूठभर मिरच्या वर.

तुमचा प्रश्न परतण्याचा आहे, त्यावर या लोकांइतका अनुभव कोणाला नसेल. १९८३ मध्ये जर्मन सरकारने कायदाच केला: नोकरी गेलेल्या कामगाराने कुटुंबासकट मायदेशी जायचं ठरवलं तर १०,५०० मार्क, वर प्रत्येक मुलामागे १,५००. पुष्कळ गेले. माझे घरमालक तेव्हा विशीत होते, वडिलांबरोबर कायसेरीजवळच्या गावी गेले. गावात त्यांना ‘आल्मानजी’ म्हणायला लागले, म्हणजे जर्मनीवाला. गाडीवरून, बोलण्यातल्या हेलावरून, वेळेवर येण्यावरून चिडवायचे. जर्मनीत असताना तुर्क, तुर्कस्तानात जर्मन. ते पुढे लग्न करून बर्लिनला परतले आणि आता पेन्शनीत सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे असतात. ‘कुठे बरं वाटतं?’ विचारलं तर म्हणाले, ‘विमानतळावर, दोन्हीकडच्या.’

उन्हाळ्यात गाड्या भरून ही कुटुंबं तुर्कस्तानाला निघतात. पूर्वी तर युगोस्लाव्हिया, बल्गेरिया असा मोटारीचाच प्रवास. गाडी हलली की मागे राहिलेली बाई रस्त्यावर भांडंभर पाणी ओतते. पाण्यासारखं वाहत जा आणि तसंच परत ये, असा अर्थ. मी बर्लिन सोडलं त्या दिवशी घरमालकीणबाईंनी माझ्या टॅक्सीमागे ओतलं. ते जानेवारीत. फुटपाथवर बर्फ झाला असणार, नंतर कोणी घसरलं असेल तर देव जाणे.

मी आता ठाण्यात आहे. मुलगी शाळेत ‘जर्मनीवाली’ आहे.

---

मार्केटयार्ड :

सगळं वाचलं. भावना चांगल्या आहेत पण एक विचारतो, राग मानू नका. २०२३ च्या फेब्रुवारीत त्यांच्याकडे भूकंप झाला तेव्हा आपण ‘ऑपरेशन दोस्त’ काढलं. एनडीआरएफची पथकं गेली, लष्कराने इस्केंदेरुनला इस्पितळ उभारलं. आणि मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी आपला संघर्ष झाला तेव्हा त्यांनी उघड बाजू कोणाची घेतली? आपल्यावर सोडलेले ड्रोन प्राथमिक तपासात तुर्की बनावटीचे निघाले. आम्ही पुण्याच्या मार्केटमध्ये तुर्कीचं सफरचंद बंद केलं, त्यात आमचंही नुकसान झालं, तरी केलं. अशा वेळी ‘तेयझे, तेयझे’ ऐकायला कसंतरी होतं.

---

घाटावरची :

मार्केटयार्ड, राग नाही. सफरचंदाबद्दल माझं काही म्हणणं नाही, आमच्याकडेही हिमाचलचंच येतं. नुकसान सोसून तुम्ही ते केलंत हे लहान नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मी तिथेच होते. इझमीर त्या भूकंपापासून खूप लांब, पण शहरातल्या प्रत्येक शाळेत ब्लँकेटांचे ढीग लागले होते. इस्केंदेरुनच्या आपल्या इस्पितळात एका तुर्की बाईने आपल्या महिला अधिकाऱ्याला मिठी मारल्याचा फोटो सगळीकडे फिरला. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा बेकरीवाला माझ्याकडून पावाचे पैसे घेईना. घ्या म्हटलं तर भांडायला उठला.

मे २०२५ मध्ये तेयझेचा फोन आला. बातम्यांत युद्ध युद्ध चाललंय, तुझी आई कुठे आहे, पाणी साठवलंय का, बूट पलंगाखाली आहेत का. साताऱ्यापासून सीमा किती लांब आहे हे तिला समजावण्यात अर्धा तास गेला. तिच्या सरकारबद्दल ती तुमच्यापेक्षा वाईट बोलते. इझमीर पिढ्यान्‌पिढ्या विरोधकांचं शहर आहे. तरी तिचं सरकार ते तिचं, आणि माझ्यासमोर तिने त्याची बाजूही घेतली नाही, माफीही मागितली नाही. मीही ती मागितली नाही.

आमच्या दारावर निळ्या काचेचा मणी टांगलाय, दृष्टीचा, इझमीरजवळच्या नाझारकोय गावच्या भट्टीतला. त्याच महिन्यात बारशाला आलेल्या एका बाईंनी तो काढून टाकायला सुचवलं. आईने त्यांच्या ताटात आणखी एक लाडू वाढला आणि बाळाचं नाव काय ठेवायचं यावर बोलणं नेलं. मणी आहे तिथेच आहे.

---

मार्केटयार्ड :

ठीक. आईसाहेबांना नमस्कार.

---

तेरणाकाठ :

मी सहसा लिहीत नाही. किल्लारीपासून जवळचं माझं गाव. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून लोक झोपले होते. मी आठ वर्षांचा.

घाटावरची ताई, तुमच्या त्या बागेतल्या मोजणीबद्दल लिहायचं होतं. आमच्याकडेही पहिल्या दोन दिवसांत लष्कर येईपर्यंत अशीच मोजणी झाली. कोण कुठल्या खोलीत झोपतो हे शेजाऱ्यालाच ठाऊक असायचं. जाडजूड दगडमातीच्या भिंती, वर माळवद. कुठे उकरायचं ते अंदाजाने कळत नाही, माहीत असावं लागतं. मला ज्यांनी काढलं त्यांना माहीत होतं की मी आजीजवळ, कणगीच्या बाजूला झोपतो.

नंतर पुनर्वसन झालं. ५२ गावं नव्या जागी वसवली. घरं पक्की, रस्ते सरळ आखलेले, तक्रार नाही. पण घरं वाटताना जुना शेजार तुटला. जे भिंतीला भिंत लावून राहायचे ते गावाच्या दोन टोकांना गेले. माझी आई अजूनही दुपारी अर्धा किलोमीटर चालत जुन्या शेजारणीकडे जाऊन बसते. नव्या शेजारणीशी भांडण नाही, पण तिची कणगी कुठे आहे हे आईला माहीत नाही.

तुम्ही किल्लीची यादी करताय ती सोडू नका. लोक संशय घेतील. घेऊ द्या.

---

आंबटचुका :

तेरणाकाठ, नमस्कार घ्या.

विषय थोडा हलका करते. घाटावरची, तिकडचं काय काय शिजवता आता घरी? खाण्यात फरक नाही म्हणालात ते काही पटलं नाही.

---

घाटावरची :

तेरणाकाठ, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, त्यांच्या आईंचं बरोबर आहे.

आंबटचुका, शिजवते की. तेलात मंद शिजवून गार करून खायच्या भाज्या, फरसबी, वांगं, लाल भोपळासुद्धा. घरी कोणी खात नाही, ‘गार भाजी’ म्हणून नाकं मुरडतात. ऑलिव्ह तेलाची किंमत बघून मीही हल्ली शेंगदाण्याच्या तेलात करते आणि बरी लागते. ग्युनला लागणारं किसिर (बारीक दलिया भिजवून त्यात टोमॅटोचा लगदा, लिंबू, कांदापात, भरपूर कोथिंबिरीसारखी चिरलेली पार्सली) मात्र आमच्या भिशीत हिट आहे. पार्सलीऐवजी कोथिंबीर घालतो.

एकच पदार्थ अवघड जातो. तेयझेचे यजमान गेले तेव्हा त्यांच्या घरी चूल बंद. तेही आपल्यासारखंच, शेजारपाजारचे जेवण आणून देतात. पण एक गोष्ट त्या घरातच करतात, रव्याचा हलवा. लोणी, रवा, चिलगोज्यासारखे दाणे, मग साखरेचं पाणी. रवा भाजायला तासभर लागतो आणि आलेली प्रत्येक बाई थोडा वेळ उलथनं हातात घेते, गेलेल्या माणसासाठी मनात प्रार्थना म्हणत. मलाही दिलं. मला त्यांची प्रार्थना येत नाही म्हटलं तर तेयझे म्हणाली, तुझी म्हण. मी रामरक्षेच्या जेवढ्या ओळी आठवल्या तेवढ्या म्हटल्या.

इथे परतल्यावर पहिल्या सत्यनारायणाला प्रसादाचा शिरा माझ्याकडे आला. रव्याचा वास सुटला आणि मला रडू फुटलं. मावशीने विचारलं, अगं प्रसाद करताना रडतेस काय? तुपाचा धूर लागला म्हटलं. सत्यनारायणाच्या दिवशी दारात मयताची गोष्ट कोण सांगणार. आता प्रसादाचा शिरा वहिनी करते.

---

दौतटाक :

उत्तम धागा. एक भर. तेयझेच्या आजी-आजोबांचा वर ओझरता उल्लेख आहे, तो भाग मोठा आहे. ३० जानेवारी १९२३ ला लोझानला करार झाला, त्यानुसार तुर्कस्तानातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला आणि ग्रीसमधले मुसलमान तुर्कस्तानात. सुमारे १२ लाख तिकडे, साडेतीन-चार लाख इकडे. (तिकडे गेलेल्यांतले पुष्कळ आधीच पळून गेले होते, इझमीर तर १९२२ च्या सप्टेंबरात जळालंच.) इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान एवढे वगळले. माणसाची भाषा कोणती हे कोणी विचारलं नाही, धर्म तेवढा पाहिला. क्रीटचे मुसलमान बहुतांशी ग्रीक बोलायचे. म्हणजे ‘मायदेशी’ उतरल्यावर बाजारात भाजी मागायचीही पंचाईत. तुर्की बोलणारे अनातोलियातले ख्रिस्ती ग्रीसला पोचले, त्यांची तीच गत.

परत येणं म्हणजे जिथून निघालो तिथे येणं असं आपण धरून चालतो. यांना कधी न पाहिलेल्या ठिकाणी ‘परत’ पाठवलं. तेयझे ग्रीक बोलायची का?

---

घाटावरची :

दौतटाक, बोलत नव्हती, पण रागावली की काही शब्द यायचे, आणि भाज्यांची नावं. आजी दार लावून घेऊन ग्रीक बोलायची म्हणे, कारण रस्त्यावर बोललं की लोक टोकायचे. तेयझे एकदा क्रीटला जाऊन आली, आजीचं गाव शोधलं. घर सापडलं. त्यात अनातोलियातून आलेल्या कुटुंबाची नात राहत होती. दोघींनी एकमेकींना कॉफी दिली आणि दोघींच्या आज्यांची गाऱ्हाणी जुळली. तिथून तिने रानभाजीचं बी आणलं, रुमालात बांधून. बाल्कनीत उगवलं नाही.

---

कोवळी कैरी :

नमस्कार. धागा वाचून धीर आला म्हणून लिहितेय. नवऱ्याची बदली इझमीरला झालीये, सप्टेंबरात निघतोय, बरोबर चार वर्षांचा मुलगा. आम्ही अंडंही खात नाही. घर कुठे बघावं? काय बघून घ्यावं? तिथे पोळीचं पीठ मिळतं का? भूकंपाचं वाचून सासूबाई घाबरल्यात.

---

घाटावरची :

कोवळी कैरी, अभिनंदन. एकेक सांगते.

घर बघताना सगळ्यात आधी इमारत कधी बांधली ते विचारा. जमलं तर १९९९ च्या इझमितच्या भूकंपानंतरची, त्याहून बरं म्हणजे २०१९ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनंतरची. तळमजल्याला दुकानं असतील तर मधले खांब कापलेत का ते डोळ्यांनी बघा, विचारायला लाजू नका, तिथे सगळेच विचारतात. ‘दास्क’ नावाचा भूकंप विमा घराला सक्तीचा आहे, तो मालकाचा विषय, पण वीज-पाणी तुमच्या नावावर करताना त्याचा क्रमांक लागतो, तेव्हा करारावेळीच मागून ठेवा. शिवाय काही वस्त्यांत परदेशी माणसाला नव्याने पत्ता नोंदवता येत नाही. आगाऊ रक्कम देण्याआधी हे पक्कं करा, नाहीतर राहण्याचा परवाना अडकतो.

वस्ती: मूल लहान आहे तर कार्शियाका किंवा बोस्तानली. समुद्राकाठी सायकल चालवायला मोकळी जागा, खाडीपलीकडच्या कोनाक भागात जायला बोट, लांबच्या कामाला इझबान रेल्वे. नवऱ्याचं ऑफिस चीली किंवा मेनेमेनच्या बाजूला असेल तर हेच सोयीचं. बोर्नोव्हा बाजूला असेल तर मात्र तिकडेच बघा.

पीठ: गव्हाचं मिळतं पण पांढरं मैद्याच्या जातीचं. कोंड्यासकट हवं तर पाकिटावर ‘ताम बुदाय’ लिहिलेलं घ्या. पोळी थोडी चिवट होते, पाणी कोमट घ्या. हिंग, गोडा मसाला, कढीपत्ता इथून न्या. डाळींत लाल मसूर मुबलक, तूरडाळ मिळणार नाही असं धरून चला. मसुराचं सूप सगळीकडे मिळतं, पण मटणाच्या पाण्यात केलंय का ते दरवेळी विचारा. अंडं चालत नाही तर बेकरीत सांभाळा, वरची चकाकी अंड्याची असते. गेवरेक, म्हणजे तिळाचा गोल पाव, बहुतेक वेळा काकवीत बुडवलेला असतो, तो चालेल. तरी विचारून घ्या.

मुलाला लोक रस्त्यात थांबवून गालाला हात लावतील, उचलूनही घेतील, दुकानदार हातात काहीतरी कोंबेल. नको असेल तर हसून छातीवर हात ठेवा, समजतं.

सासूबाईंना सांगा की कपाटं भिंतीला बांधणारा माणूस कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि घरात शिरल्याच्या पहिल्याच आठवड्यात बोलवायचा. बाकी व्हिसाच्या कागदांचं विचारायचं असेल तर व्यक्तिगत निरोप करा, तेयझेचा नंबरही देते. तिला आधी विचारते, पण हो म्हणेल.